मनोरुग्णालयातला प्रसंग लिहायचाय? आधी चहा किती वाजता येतो ते ठरवा

माझी भाची कॉलेजसाठी एकांकिका लिहिते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती आमच्याकडे कोपरीला आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली संहिता घेऊनच. "मावशी, वाचून दे. तुझ्याच लाईनचं आहे." पहिल्या पानावर लिहिलं होतं : स्थळ – ठाण्याचं मनोरुग्णालय. निळा प्रकाश. एक बाई बाहुलीला थोपटतेय. एक म्हातारा भिंतीकडे बघून हसतोय. पांढऱ्या कपड्यांतल्या नायकाला दोन धिप्पाड वॉर्डबॉय ओढत आणतात आणि डॉक्टर ओरडतात, "शॉक द्या याला!" दुसऱ्या पानावर वीज चमकत होती.

मी चौतीस वर्षं नर्सिंग केलं. त्यातली एकवीस मनोविकार विभागात. आधी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, मग ठाण्यातल्याच एका वीस खाटांच्या खासगी नर्सिंग होममध्ये. एवढ्या वर्षांत बाहुली थोपटणारी बाई माझ्या वॉर्डात एकदाही आली नाही. उशी थोपटणारी एक होती. पण तिचं उल्हासनगरला गादी-उशांचं दुकान होतं आणि आमच्या उशीतला कापूस सगळा एका बाजूला गेलेला तिला बघवत नव्हता. ती तो सारखा करत बसायची. आठवडाभरात तिने अकरा उशा नीट केल्या.

भाचीला म्हटलं, ही बाई घाल तुझ्या एकांकिकेत. ती म्हणाली, "पण मग ती वेडी कशी वाटेल?" तिथून आमची जी चर्चा सुरू झाली ती रात्रीच्या जेवणापर्यंत चालली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहून काढते. कथा, कादंबरी, वेब सिरीज, काहीही लिहा, उपयोगी पडेल.

कुठे आणि कोणत्या साली

'मेंटल हॉस्पिटल' म्हटलं की मुंबई-कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ठाणंच येतं. "ठाण्याला सोडून येऊ का तुला?" हे ऐकल्याशिवाय इकडे कुणी मोठं झालेलं नाही. आम्ही ठाणेकर त्यावर उपाय म्हणून "येरवड्याला" म्हणतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. राज्यात अशी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी.

पण तुमची नायिका नौपाड्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी असेल तर ती बहुतेक तिथे जाणारच नाही. ती जाईल एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये. खाली मेडिकल, शेजारी झेरॉक्सचं दुकान, जिन्यात चपलांचा ढीग. किंवा एखाद्या जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात, जिथे वरच्या मजल्यावर हाडांचा वॉर्ड असतो आणि लिफ्टमध्ये प्लॅस्टरवाले पेशंट भेटतात. या तीन जागांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि समुपदेशनाला जाणं म्हणजे ॲडमिट होणं नव्हे. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत माणसं ऑफिस सुटल्यावर जातात, बोलतात आणि रिक्षाने घरी येतात. भाचीने या दोन्हींची मिसळ केली होती.

जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डाबद्दल एक गोष्ट लिहिणारे हमखास विसरतात. तिथे पेशंटबरोबर सहसा एक नातेवाईक राहतो. आई, बायको, मेहुणा, कुणीतरी. खाटेखाली चटई टाकून झोपतो, डबा आणतो, औषधं आणायला खाली धावतो, शेजारच्या खाटेच्या नातेवाइकाशी मैत्री करतो. परदेशी सिनेमातला पेशंट एकटा असतो, म्हणून आपलाही एकटा लिहिला जातो. आपल्याकडचा पेशंट एकटा पडतो तो मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात. एरवी त्याचा प्रश्न उलटाच असतो : आई सतत खाटेपाशी बसलेली आहे, आणि डॉक्टरला सांगायची गोष्ट नेमकी आईबद्दलच आहे. नाटक हवं असेल तर ते इथे आहे.

साल ठरवणं तेवढंच महत्त्वाचं. १९९३च्या एप्रिलआधीची गोष्ट असेल तर कायदा १९१२चा, इंग्रजांचा, 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'. मग १९८७चा मानसिक आरोग्य कायदा, जो अमलात यायला १९९३ उजाडलं. २०१८पासून लागू आहे तो २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. मी १९८८ साली कामाला लागले तेव्हा वॉर्डात सगळ्यांना एकसारखे कपडे आणि उवा होतात म्हणून सरसकट डोकी भादरलेली. आज स्वतःचे कपडे घालू देणं आणि जबरदस्तीने मुंडण न करणं हा पेशंटचा कायदेशीर हक्क आहे. तुमच्या २०२४मधल्या नायकाला पांढरा युनिफॉर्म आणि तुळतुळीत डोकं दिलंत तर तुम्ही माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट लिहिताय.

"भावाने जमिनीसाठी वेडा ठरवून आत टाकला" हा प्लॉट सगळ्यांच्या डोक्यात येतो. भाचीच्याही आला होता. आजच्या कायद्यात ते एका सहीने होत नाही. माणूस स्वतःच्या मर्जीने दाखल झाला असेल तर तो सुटी मागू शकतो. तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त चोवीस तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातला तज्ज्ञ अशा दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, मुदत तीस दिवसांची, आणि पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. सात दिवसांत; बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन. तरीही खलनायक हवाच असेल तर त्याला कष्ट करायला लावा. हा प्रतिनिधी कोण, हाच प्रश्न घ्या. पेशंटने आधी बायकोचं नाव लिहून ठेवलंय आणि भाऊ सही करायला निघालाय, यात अख्खा अंक आहे.

भटकणारं पात्र असेल तर पोलीस त्याला कोठडीत टाकू शकत नाहीत. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशाच माणसांना बरं करून त्यांच्या घरी पोचवते. २०१८चा मॅगसेसे त्यांना मिळाला. त्यांचं काम समजून घ्या आणि मग सिग्नलवरचा दाढीवाला फिलॉसॉफर लिहायचा का ते ठरवा.

दारातला नारळ

ओढत आणलेले पेशंट मी पाहिले आहेत, नाही असं नाही. पण फसवून आणलेले दसपट पाहिलेत. "माझं बीपी तपासायचंय, सोबत चल." "मावशीकडे जाऊ." एका मुलाने आईला सांगितलं होतं, टिटवाळ्याला जाऊ, गणपतीला. ती इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत नारळ आणि दूर्वांची जुडी घेऊन आली. काउंटरसमोर उभी राहून मला म्हणाली, "बाई, गणपती कुठल्या बाजूला?" मुलगा झेरॉक्स काढायला निघून गेलेला. सामानाची यादी मी केली. त्यात 'नारळ १' असं लिहिलं ते अक्षर मला अजून आठवतं. पुढचे तीन आठवडे ती सुनेशी बोलली, माझ्याशी बोलली, मुलाशी नाही. तिचा आजार गोळ्यांनी उतरला, ते टिटवाळा नाही उतरलं.

सामानाची यादी हा लिहिणाऱ्यासाठी खजिना आहे. काय काढून घेतात? बेल्ट, बुटांच्या नाड्या, ओढणी, पायजम्याची नाडी, काचेच्या बांगड्या, सेफ्टी पिना, चार्जर, ब्लेड, लोणच्याची बरणी. पायजम्याची नाडी गेली की माणूस एका हाताने पायजमा धरून चालतो, इलॅस्टिकवाला घरून येईपर्यंत. डॉक्टरांशी बोलतानाही तो हात कमरेशीच. भाचीच्या नायकाचं दोन पानी स्वगत होतं, हात उंचावून. मी म्हटलं, उंचाव एकच.

मंगळसूत्र नातेवाइकाच्या हातात द्यायचं आणि त्याची सही घ्यायची. एका बाईने ते काढून दिलं आणि मग मला हळूच म्हणाली, "बाकीच्यांना वाटेल नवरा गेला." सतरा दिवस ती गळ्याभोवती पंचा गुंडाळून बसली. खरं तर पंचाही चालत नाही. पण दिवसा ती माझ्या नजरेसमोर असायची, आणि रात्री ती आपणहून तो माझ्या टेबलावर आणून ठेवायची, घडी घालून.

बाहेरच्यांना काय सांगितलंय तेही लिहा. कावीळ झालीय, गावाला गेलीय, 'जरा टेन्शन होतं'. शेजारणीला कावीळ सांगितली म्हणून घरच्यांना महिनाभर घरात उसाचा रस आणावा लागला, असं एका सासूने मला स्वतः सांगितलंय. आणि डॉक्टरकडे येण्याआधी बहुतेक जण देवर्षी, दर्गा, उतारा असं काही ना काही करून आलेले असतात. त्याला हसू नका, आणि त्याचा तमाशाही करू नका. एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या मनगटाला गंडा, हे रोजचं दृश्य आहे.

दिवस जातच नाही

इथे भाचीच्या संहितेत काहीच नव्हतं. तिच्या पात्रांना एक क्षण फुरसत नव्हती. खऱ्या वॉर्डात फुरसतीशिवाय काही नसतं.

आमच्याकडे पहाटे साडेपाचला दिवे, साडेसहाला चहा. चहासाठी रांग सहापासूनच, हातात आपापला स्टीलचा ग्लास. मग दात, अंघोळ, गरम पाण्याच्या बादलीवरून बाचाबाची. बाथरूमला आतून कडी नसते. त्यामुळे आत गेलेला माणूस गाणं म्हणतो, म्हणजे बाहेरच्याला कळावं. आठला आमची ओव्हर : रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला एकेक खाट सांगत जाते. "चारला झोप नाही. सातने नाश्ता टाकला. बाराचं लघवीचं सॅम्पल बाकी." पेशंट डोळे मिटून सगळं ऐकत असतात. आपल्याबद्दल आज काय सांगितलं, याची चर्चा पोह्यांच्या वेळी होते. दहाला राऊंड. डॉक्टर खाटेपाशी तीन-चार मिनिटं थांबतात. त्या चार मिनिटांसाठी माणूस सकाळपासून वाक्य जुळवत असतो आणि ऐन वेळी म्हणतो, "बरंय." हा प्रसंग मी हजार वेळा पाहिला आहे आणि कुठल्याही कथेत वाचलेला नाही.

साडेबाराला जेवण, मग डुलकी. साडेतीनला पुन्हा चहा. चार ते सहा भेटीची वेळ. सातला जेवण, साडेआठला गोळ्या, नऊला आडवं व्हायचं. पूर्ण अंधार कधीच होत नाही, एक पिवळा दिवा रात्रभर असतो. वॉर्डात घड्याळ नव्हतं, ते आमच्या टेबलामागच्या भिंतीवर. त्यामुळे "सिस्टर, किती वाजले?" हा दिवसातून शंभरदा येणारा प्रश्न. प्रश्न वेळेचा नसतो, कुणीतरी उत्तर द्यावं एवढाच असतो. तरी मी चिडायचे.

या वेळात माणसं काय करतात? कॅरम, ज्याचा स्ट्रायकर हरवलाय म्हणून बाटलीचं झाकण. तीन दिवसांपूर्वीचा पेपर, शब्दकोडं आधीच कुणीतरी चुकीचं भरलेलं. टीव्हीचा रिमोट सिस्टरकडे. आरसा नाही, बायका स्टीलच्या ताटात बघून वेणी घालतात. टिकल्या रात्री खाटेच्या लोखंडी दांडीला चिकटवून ठेवतात. पेशंट घरी गेला तरी टिकल्या राहतात, पुढची बाई त्यातलीच एखादी लावते. व्यवहार चालतो तो बिस्किटांवर आणि तंबाखूवर. तंबाखू बंद असते, म्हणून तर ती महाग असते.

आणि हसणं असतं. भयाण, घुमणारं नाही, साधं. दोन पेशंट डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करतायत, तिसरा पहारा देतोय. एक निवृत्त मराठीचे सर आमच्याकडे होते, उन्मादाच्या भरात आलेले. त्यांनी माझ्या टेबलावरचा केसपेपर उलटा वाचून सांगितलं, "सिस्टर, 'तिव्र' नव्हे, 'तीव्र'. पहिली दीर्घ." मी सुधारलं. जाताना त्यांनी मला शुद्धलेखनात दहापैकी सात दिले.

नवा पेशंट आला की त्याला वॉर्ड कोण समजावतं? आम्ही नाही. शेजारची खाट. "गोळी घेतली की जीभ वर करून दाखवायची, मग गाल. लपवलीस तर उद्यापासून चुरून देतील." तुमच्या गोष्टीत असा एक जुना पेशंट असू द्या. पण त्याला सर्वज्ञ म्हातारा करू नका, तोही गोळी लपवणाराच असतो.

सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी ही आमची नावं. मामा म्हणजे वॉर्डबॉय. मावशी म्हणजे आया, साफसफाई करणारी, वेणी घालून देणारी, आणि वॉर्डातली सगळ्यात जास्त माहिती असलेली बाई. भाची मला मावशी म्हणते, मी घरी असूनही मान वळवून दुसरीकडे बघते.

आजार आतून कसा दिसतो

"तो वेडा आहे" हे लिहून भागत नाही. कुठला आजार, हे लिहिणाऱ्याला माहीत हवं, वाचकाला सांगितलं नाही तरी.

कानात येणारे आवाज गूढ नसतात. ते बहुतेकदा ओळखीच्या भाषेत, कंटाळवाणे आणि चोंबडे असतात. "बघ, उठला. आता पाणी पिणार. पी, पी." एकजण म्हणायचा, वरच्या मजल्यावरचे जोशी बोलतात. इथे वर गच्ची आहे म्हटलं, तर म्हणाला, "माहीत आहे मला. म्हणून तर विचित्र वाटतं." शंका असते आणि तरीही विश्वास असतो; दोन्ही एकदम असतात. संशयाची सामग्री काळाबरोबर बदलते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत रेडिओतून बोलायचे, मग केबलवाल्याने वायर टाकली, मग मोबाईलचा टॉवर, आणि मी निवृत्त होईपर्यंत सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्या ग्रुपवर खरंच कुणी काही बोललेलंही असतं, हे विसरू नका.

उन्माद म्हणजे आनंद असं समजू नका. पहिले काही दिवस तसं दिसतं. रात्री तीनला उठून चाळीस माणसांचा स्वयंपाक, सोनं गहाण ठेवून मित्राला रिक्षा घेऊन देणं, कोट्यांवर कोट्या. मग त्याला कुणी अडवलं की चिडणं. लिहिताना पहिल्या पानावर वाचकाला तो आवडला पाहिजे आणि चौथ्या पानावर वाचक दमला पाहिजे.

नैराश्यात रडारड कमीच. संथपणा जास्त. "जेवलात का?" याचं उत्तर यायला इतका वेळ लागतो की विचारणारा पुढच्या खाटेकडे गेलेला असतो. नाटकात हे कठीण आहे, मान्य. पण एकदा तरी तेवढा वेळ रंगमंचावर जाऊ द्या.

आणि एक चमत्कार वाटेल अशी खरी गोष्ट. माणूस गोठतो, बोलत नाही, खात नाही, हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. त्याला कॅटाटोनिया म्हणतात. कळव्याची एक बावीस वर्षांची मुलगी चार दिवस अशी होती. लोराझेपामचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासाने तिने पाणी मागितलं. तिची आई मटकन खाली बसली. सगळ्यांना इतकं चटकन येत नाही, आणि असर उतरला की पुन्हा गोठू शकतात. पण खऱ्या उपचारांत एवढं नाट्य असताना खोटी वीज कशाला चमकवायची?

गोळ्या, शॉक, बांधणं

गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी शहाणा, असं होत नाही. नैराश्याच्या गोळ्यांना फरक दाखवायला दोन ते चार आठवडे तरी लागतात. तोंडाला कोरड, मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनने कधीकधी मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढतात. नातेवाइकांना वाटतं, झपाटलं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात उतरतं, पण तोवर कुणीतरी लिंबू आणायला गेलेलं असतं. काहींना बूड टेकवत नाही, पाय आपोआप चालत राहतात. ती घालमेल आजाराची की औषधाची हे ओळखणं आमचं कसब. क्लोझापिनने रात्री उशी लाळेने भिजते आणि पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. लिथियमचीही पातळी रक्तात बघावी लागते आणि त्याने हात थरथरतो. म्हणून आमच्या मावशी काहींचा चहाचा ग्लास अर्धाच भरायच्या. त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

शॉकबद्दल भाचीशी सगळ्यात जास्त भांडण झालं. मी लागले तेव्हा तो भूल न देता दिलेला मी पाहिला आहे. चार जणांनी धरायचं, तोंडात बोळा. ते दृश्य मला आवडत नाही आणि मी ते नाकारतही नाही. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं कायद्याने बंद आहे. आज काय दिसतं? रात्रीपासून उपाशी माणूस, हातात सुई, भूलतज्ज्ञ, मॉनिटरचा टिकटिक आवाज. झोप लागते, पायाची बोटं किंचित हलतात, मिनिटभरात सगळं संपतं. उठल्यावर डोकं दुखतं, आणि आज वार कोणता हे आठवत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा ते बारा. भीती लिहायची असेल तर त्या विसरण्याची लिहा. माझ्या एका पेशंटला भावाच्या लग्नातलं जेवण आठवेना. "शिरा होता की जिलबी?" असं तो आठ दिवस विचारत होता. तो जेवायला लागला होता, हेही तितकंच खरं. शिक्षा म्हणून शॉक देणारा डॉक्टर तुम्ही लिहू शकता, पण मग तो गुन्हेगार आहे, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

साखळीने बांधणं आणि एकांत कोठडी, दोन्हींना बंदी. हातपाय बांधता येतात ते समोर धडधडीत धोका असेल आणि दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, धोका टळेपर्यंत. बांधताना बांधणाऱ्यालाही घाम फुटतो. सोडल्यावर पेशंट आणि ब्रदर दोघं एकमेकांकडे दिवसभर बघत नाहीत. तो दिवस लिहा.

मारामारीचं म्हणाल तर मी एकवीस वर्षांत दोनदा मार खाल्ला. सर्जरी वॉर्डात दारू प्यायलेल्या नातेवाइकांकडून त्याहून जास्त खाल्लाय.

आत्महत्येचा प्रयत्न करून आलेलं पात्र असेल तर कसं केलं, कशाने केलं, हे लिहू नका. वाचणाऱ्यांत कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. पोलीस केस, आरोपी, हेही जुनं झालं. आताचा कायदा त्या माणसावर प्रचंड ताण होता असं धरून चालतो, शिक्षा करत नाही. आणि लिहिता लिहिता तुमचंच मन गढूळ झालं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

उद्या

भेटीच्या वेळेबद्दल मी भाचीला शेवटी सांगितलं, कारण मला ते सांगायला जड जातं.

चार वाजता सगळे दाराकडे तोंड करून बसतात. ज्यांचं कुणी येणार नाही तेही. पहिल्या आठवड्यात नातेवाईक रोज येतात, वडापाव, भाकरी, धुतलेले कपडे घेऊन. मग एक दिवसाआड. लांबचे, मोखाड्याकडचे, कसाऱ्यापलीकडचे, त्यांचा येण्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. सरकारी रुग्णालयात असताना मोखाड्याचा एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. बाप एकदा एसटीने येऊन गेला, मग नाही आला. मुलगा रोज संध्याकाळी विचारायचा, "सिस्टर, बाबा कधी येतील?" मी गोळ्यांचा ट्रे लावता लावता म्हणायचे, "उद्या." झोपायचा बिचारा. सोपं होतं ते. मीच नाही, आम्ही सगळेच म्हणायचो. डिस्चार्ज उद्या, फोन उद्या, बाबा उद्या. अकराव्या की बाराव्या दिवशी त्याने मला अगदी सरळपणे, काहीही टोमणा न मारता विचारलं, "सिस्टर, तुमच्यात उद्या कधी असतो?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी समाजसेवा विभागातल्या बाईंना घेऊन त्याच्या गावच्या सरपंचाला फोन लावला. बाप तापाने पडला होता. तेवढं मुलाला सांगितलं. त्यानंतर त्याने विचारणं बंद केलं, आणि वॉर्डातल्या कुणाला "उद्या" म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली. निवृत्त होईपर्यंत.

घरी जाण्याचा दिवस भाचीने टाळ्या आणि सूर्यप्रकाशात संपवला होता. डिस्चार्ज सकाळी दहाला सांगतात आणि विम्याची मंजुरी यायला संध्याकाळ होते. मानसिक आजारालाही विमा लागू झाला तेव्हापासून हेही सुरू झालं. माणूस बूट घालून, नाड्या परत ओवून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो. खाटेवरची चादर मामांनी काढून नेलेली, त्यामुळे झोपताही येत नाही. वजन वाढलेलं, आणलेला शर्ट पोटावर ताणलेला. आतल्यांचा निरोप सकाळीच घेऊन झालाय, आता त्यांच्याकडे बघायचं कसं हा प्रश्न. मग तीन हात नाक्यावरची गर्दी, हॉर्न, आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो, "कावीळ बरी झाली का?" कधी घरचे आधीच 'डामा' घेतात, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून नेतात, त्यातले काही पंधरा दिवसांत परत येतात आणि आपली जुनी खाट मागतात.

भाचीने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि रुसून गेली. वीज काढायला तिला दोन महिने लागले. नवी संहिता आली तेव्हा गणेशोत्सव उलटून गेला होता. नायक आता स्वतःच्या चौकड्याच्या शर्टात आहे. पहिल्या प्रवेशात एक बाई उशीतला कापूस सारखा करतेय. शेवटच्या प्रवेशात तो पिशवी घेऊन बसलाय, मंजुरी यायची आहे, त्याने आपला ग्लास सकाळीच परत देऊन टाकलाय आणि साडेतीनचा चहा येतो.

परवा रात्री तालमीतून तिचा फोन. मागे आरडाओरडा. "मावशी, पटकन सांग. ग्लास नाहीये तर मामा त्याला चहा कशात देतात? आम्ही कागदी कप आणलेत."

"कागदी कप नाही. शेजारच्या खाटेवरचा आपला ग्लास पुढे करतो. आणि अर्धाच भर."